ओळंबा सरांची रेघ

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, ओळंबा असायचा. पितळेचा, लहान पेरूएवढा, दोरी नीट गुंडाळलेला. त्या वजनाने त्यांचे सगळे शर्ट डाव्या बाजूला ओघळलेले असत. गावभरच्या भिंती सरळ आहेत की नाहीत याची काळजी वाहणाऱ्या माणसाचा स्वतःचा खिसा मात्र कायम तिरका. रोह्यातल्या गवंड्यांनी त्यांना 'ओळंबा सर' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा खालच्या दुकानात विचारायचा, "ओळंबा सर आहेत का वर?" सर उंच, किडकिडीत, बोलताना मान खाली घालणारे, त्यामुळे नाव शोभायचंही. त्यांना ते आवडायचं. 'इंजिनेर साहेब' म्हटलेलं मात्र आवडायचं नाही. "आर्किटेक्ट," असं ते हळूच दुरुस्त करायचे. समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा इंजिनेर म्हणायचा.

ओळंबा कुठेही बाहेर यायचा. चहाच्या दुकानातल्या कपाटाला एकदा त्यांनी तो लावला आणि म्हणाले, "शेट, तुमचं कपाट पुढे झुकलंय." शेट म्हणाले, "झुकू दे हो सर, गिऱ्हाइकाला नमस्कार करतंय." पुलापलीकडच्या अष्टमी गावात माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तर त्यांनी मांडवाच्या खांबालाच ओळंबा लावला. मुलीच्या मामाला वाटलं, हाही काहीतरी विधी असणार. त्याने पुढे होऊन खांबाला हळदकुंकू लावलं. सरांनीही गंभीरपणे हात जोडले. घरी परत येईपर्यंत आम्ही हसत होतो.

मी अष्टमीची. ड्रॉइंगचा कोर्स संपवून पूल ओलांडून रोह्याला सरांच्या ऑफिसात लागले तेव्हा मला पेन्सिलही धड टोकदार करता येत नव्हती. सर पहिल्या दिवसापासून मला 'वंदनाबाई' आणि 'तुम्ही' म्हणायचे. आधी वाटलं थट्टा करतात. मग कळलं, ते वीट उचलणाऱ्या बायांशीही तसंच बोलतात. चिडले की जास्तच नम्र व्हायचे. "वंदनाबाई, आपण या घराला जिना द्यायचा विसरला आहात, की हे लोक उडत वर जाणार आहेत?" असं विचारलं की समजायचं, आज काही खरं नाही.

घर बांधायला आलेल्या माणसाला ते किती खोल्या हव्यात असं कधी विचारायचे नाहीत. "घरात काय काय वस्तू आहेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. लोक बुचकळ्यात पडायचे. मग सर त्यांच्या जुन्या घरी जाऊन बसायचे आणि वस्तू बघायचे. सूप कुठे टांगता, हंडा कुठे टेकवता, मासळी कापायची विळी वापरून झाली की कुठे ठेवता. "माणूस कुठेही मावतो हो, जागा वस्तूंना लागते," असं म्हणायचे. आणि बोलता बोलता नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलने त्या वस्तू काढत बसायचे. कंदील, पोळपाट, दोरीवरचा टॉवेल. काय सुंदर काढायचे! टॉवेल ओला आहे हेसुद्धा कळायचं. पक्का नकाशा काढताना ही चित्रं गाळायची हे माझं काम. एकदा चुकून एक सूप तसंच राहिलं, तर मंजुरीच्या टेबलावरच्या माणसाने मला विचारलं, "ताई, ह्या सुपाला पण परवानगी पायजे का?"

"सर, तुम्ही चित्रकार का नाही झालात?" असं मी एकदा विचारलं होतं. सर मूळ पेणचे. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने, त्यामुळे रंगाचा वास त्यांच्यासाठी जन्मापासूनचा. मुंबईला जाऊन वर्षभर चित्रकला शिकलेही होते आणि मग स्वतःच सोडून आर्किटेक्चरला गेले. "चित्रात कुणाला राहता येत नाही, वंदनाबाई," ते म्हणाले. "घरात लोक जेवतात, भांडतात, म्हातारे होतात. चित्राला नुसती भिंत लागते. म्हटलं, त्यापेक्षा भिंतच बांधावी." हे सांगताना ते खूश दिसत होते. त्या दिवसांत सर खूश माणूस होते, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे, कारण नंतर ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना ते खरं वाटणार नाही.

धरमतरकडच्या खारेपाटातले गजूभाऊ म्हात्रे घर बांधायचं म्हणून आले ते याच दिवसांत. अर्धी भातशेती, अर्धं मिठागरातलं काम, असा माणूस. बायको हिराबाय. दोघंच, मुलगी लग्न होऊन गेलेली. सर त्यांच्या जुन्या घरी वस्तू बघायला गेले तेव्हा मीही बरोबर होते. हिराबायचे गुडघे गेलेले होते. खाली बसता येत नाही म्हणून गजूभाऊंनी तिला एका मोडक्या होडीच्या फळीचं बुटकं स्टूल करून दिलं होतं. त्यावर बसून ती मासळी साफ करायची, तांदूळ निवडायची, दारातल्या माणसांशी गप्पा मारायची. स्टुलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली तिने नारळाची करवंटी सरकवली होती. तरीही ते डुलायचं. सरांच्या डोळ्यांना ते सहन होईना. "मी सुताराकडून पाय नीट करून देतो," ते म्हणाले.

हिराबाय हसली. "नुको साहेब, हाय तसा ऱ्हाऊ द्या. मी पन अशीच डुलत चालतंय. आमच्या दोघींचा जमतंय."

सरांनी नकाशाच्या कोपऱ्यात ते स्टूल काढलं, करवंटीसकट.

खारेपाटात घर बांधायचं म्हणजे जोतं किती उंच ठेवायचं हा पहिला विचार. समोर खाडी, मध्ये मातीचा बांध, बांधाच्या आत शेती आणि गाव. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पावसाची जोड मिळाली की बांध कुठेतरी फुटतो. त्याला खांड जाणं म्हणतात. सरांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आजवर पाणी कुठवर आलं ते समजून घेतलं आणि जोतं कंबरेएवढं धरलं. गवंड्यांनी आखणीसाठी चुन्याची फक्की टाकली, पाया भरायला सुरुवात झाली, आणि एक दिवस हिराबाय डुलत डुलत काम बघायला आली. जोत्याच्या उंचीची दोरी बांधलेली बघून तिने कपाळाला हात लावला.

"साहेब, एवरा वर मी चरू कशी? रोज दहा येला आत-बाहेर करायचा. तुमी मना घर बांधताव का गड बांधताव?"

सगळे हसले. गजूभाऊ म्हणाले, "बांध आता पक्का झालाय साहेब, दगड लावलाय. पानी येतंय कुठला आता."

सरांनी बराच वेळ त्या दोरीकडे पाहिलं. मग हिराबायच्या पायांकडे पाहिलं. आणि गवंड्याला म्हणाले, "दोरी खाली घ्या." जोतं गुडघ्याएवढं झालं. म्हाताऱ्यांनी दाखवलेल्या खुणेपेक्षा ते तरीही वरच होतं. आमच्या सरांनी आंधळेपणाने काही केलं नाही. एका बाईचे पाय दुखतात म्हणून त्यांनी दोरी खाली घेतली. मी त्यांना तेव्हा मनातल्या मनात नमस्कार केला होता. वास्तुशांतीला हिराबायने सरांना स्वतः वाढलं आणि दोन पायऱ्या झरझर चढून दाखवल्या. म्हणजे तिच्या मानाने झरझर.

चारेक वर्षं ती त्या घरात सुखाने राहिली. नंतर एका श्रावणात अमावस्येच्या उधाणाला खांड गेली. सकाळची वेळ होती. खांड गेली की प्रत्येक घरातला एक माणूस बांधावर जायचा, हा तिकडचा रिवाज आहे. कुणी बोलवायला येत नाही, नुसती हाक ऐकू आली की पेंढा, बांबू, फावडं, हाताला लागेल ते घेऊन धावायचं. गजूभाऊ धावले. बायका-मुलं शाळेच्या इमारतीकडे निघाली. शेजारणीने हिराबायला हाक मारली, तर ती म्हणाली, "तांदूल वर ठेवतंय नि आलीच." तेवढा वेळ पाण्याने दिला नाही. ती पायरीवरून अंगणात उतरली तेव्हा तिथे कंबरेएवढं पाणी होतं आणि त्याला ओढ होती. गुडघ्यांनी दगा दिला. दुपारी ओहोटीला ती कुंपणाजवळ सापडली. गजूभाऊ तेव्हाही बांधावरच होते.

पाणी ओसरल्यावर सर आणि मी गेलो. गावाने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. घराच्या आतल्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. सरांनी मला भिंतीशी उभं राहायला सांगितलं. ती रेघ माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली लागत होती. सर वाकून बराच वेळ तिथेच बघत राहिले. मला हिशोब करायची गरज नव्हती आणि त्यांनाही नव्हती. जोतं कंबरेएवढं असतं तर ही रेघ घराच्या बाहेर राहिली असती. हिराबाय आपल्या ओटीवर स्टूल घेऊन, खाली वाहणाऱ्या पाण्याला शिव्या देत बसली असती.

अंगणात माणसं घरातला गाळ काढत होती. गाळाची हातगाडी वर नेता यावी म्हणून कुणीतरी अंगणातून ओटीवर एक लांब फळी टाकली होती. भरलेली गाडी तिच्यावरून सहज खाली येत होती, रिकामी वर जात होती. सर त्या फळीकडे बघत उभे राहिले. "उतार," ते म्हणाले. मला आधी कळलंच नाही. "जोतं उंच ठेवून उतार देता आला असता, वंदनाबाई. अंगणात जागा होती." इतकंच बोलले. पण त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, या माणसाला आज कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

रोह्याला ऑफिसात परतल्यावर सरांनी खिशातला ओळंबा काढून टेबलाच्या खणात ठेवला. हातातली कामं त्यांनी नीट पूर्ण केली, नवीन एकही घेतलं नाही, आणि वर्षभरात ऑफिस बंद करून पेणच्या घरी जाऊन बसले. मला म्हणाले, "तुम्ही स्वतःचं सुरू करा. तुमचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे." मी पेणलाच एक खोली घेऊन काम सुरू केलं, म्हणून त्यांच्या घरी जाणं-येणं राहिलं. त्यांच्या शर्टांचे खिसे आता सरळ दिसायचे. मला ते बघवायचं नाही.

मग एक दिवस काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दारातच मला सांगितलं, "आज पोळ्या नाहीत हो. तवा आत पोझ देतोय." सरांनी चित्रं काढायला सुरुवात केली होती. गणपतीच्या कारखान्यांना रंग पुरवणाऱ्या दुकानातून रंग आणले होते आणि मागच्या खोलीत जमिनीवर पाटावर बसून तवा रंगवत होते. त्यानंतर घरातली एकही वस्तू जागेवर सापडेना. तांब्या, कात्री, काकूंची चप्पल, अर्धा कापलेला पांढरा कांदा. "कांदा वाळला की मग मला भाजीला परत देतात," काकू म्हणायच्या. वरवर तक्रार असायची, पण त्या खूश होत्या. नुसतं खिडकीतून बाहेर बघत बसण्यापेक्षा तवा रंगवणारा नवरा केव्हाही बरा, असं मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या.

चित्रं फार चांगली होती. मला चित्रातलं कळत नाही, पण ती चप्पल बघितली की वाटायचं, काकू आत्ताच काढून आत गेल्यात, हाक मारली तर ओ देतील. प्रत्येक वस्तूशेजारी असं कुणीतरी नसायचं. म्हणजे नुकतंच उठून गेलेलं असायचं. पेणमधल्या दोघातिघांनी विकत मागितली, सरांनी दिली नाहीत.

मला मात्र त्या चित्रांत एक गोष्ट खटकत होती. प्रत्येक चित्रात वस्तूच्या वरच्या बाजूला, मागच्या भिंतीवर, एक बारीक करडी रेघ आडवी गेलेली असायची. रेघेखालचा रंग किंचित हिरवट. मी विचारलं तर म्हणाले, "भिंतीची कड आहे." भिंतीला अशी मध्येच कड कुठून येईल? मी सरांच्याच हाताखाली शिकलेली, मला काय वेडी समजतात का? एकदा ते बाहेर गेले असताना मी मागच्या खोलीत गेले. भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत गवंड्याची दोरी ताणून बांधली होती. खाली जमिनीवर, दोरीसमोर, एक स्टीलचा डबा मांडलेला.

मी जाऊन दोरीला टेकून उभी राहिले. ती माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली लागली.

सगळी चित्रं मी पुन्हा एकदा पाहिली. तवा, तांब्या, कात्री, चप्पल, कांदा. सरांनी काढलेली एकही वस्तू त्या रेघेच्या वर नव्हती. त्यांनी आपल्या घरातलं एकेक करून सगळं पाण्याखाली ठेवलं होतं. मी काकूंना काही बोलले नाही, पण त्यांना ठाऊक असावं. त्याच दिवशी चहा ओतताना त्या म्हणाल्या, "अमावस्या आली ना वंदना, की हे जमिनीवर पाय ठेवत नाहीत. खुर्चीत पाय वर घेऊन बसतात. भरतीच्या वेळा पाठ आहेत त्यांना."

सर परत आल्यावर मी स्पष्ट विचारलं, "सर, हे किती दिवस?" त्यांनी दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलले नाहीत. "मी तुम्हाला म्हणालो होतो ना, चित्रात कुणाला राहता येत नाही," ते म्हणाले. "म्हणजे कुणी बुडतही नाही. एवढंच एक काम आता माझ्या हातून सुरक्षित आहे." मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "मग गजूभाऊ येतात तेव्हा मागच्या दाराने का जाता?"

कारण गजूभाऊ यायचे. बाजाराला पेणला आले की सुकट नाहीतर वालाच्या शेंगा घेऊन सरांच्या दारात उभे राहायचे आणि सर मागच्या दाराने कारखान्यांच्या गल्लीत निघून जायचे. काकू शरमेने अर्ध्या होत, चहा देत, खोटं कारण सांगत. गजूभाऊ चहा पिऊन निघून जात. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. एकदा ते माझ्या ऑफिसात आले. म्हातारे झाले होते. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "ताय, तिचा फोटू हाय माझ्याकं. पन तिची वस्तू एक पन नाय. सगला पान्यानं नेला, उरला तो खारानं खाल्ला. तो स्टूल होता बघा तिचा, होरीच्या फलीचा. साहेबांनी त्या येलेला कागदावर कारला होता. साहेबांना सांगशील का, मना तेवरा कारून द्या म्हनून?"

मी सांगितलं. तो जुना नकाशा केव्हाच गेला होता, आणि पक्क्या नकाशातून मी ते स्टूल नियमाप्रमाणे गाळलं होतं. पण सरांना कागद लागणार नव्हताच. दोन-तीन आठवडे ते मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. काकू म्हणाल्या, या वेळी घरातली कुठलीच वस्तू जागेवरून हलली नाही, समोर नुसती मोकळी भिंत आहे आणि हे रंगवतायत. मग त्यांनीच मला निरोप पाठवला की गजूभाऊंना बोलवा.

गजूभाऊ आले तेव्हा सर पुढच्या दारात उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही मान खाली घातली. मग गजूभाऊच म्हणाले, "तुमी मागल्या दारानं जाताव, मना म्हाईत होता साहेब. मी काय मारायला येत होतू का तुमाला?"

"मारायला हवं होतं," सर म्हणाले.

गजूभाऊ आत जाऊन चित्रासमोर बसले. स्टूल होतं तस्संच होतं. फळीवरचा होडीचा जुना निळा रंग, खिळ्याचं गंजलेलं डोकं, बसून बसून मध्ये पडलेला खळगा, आखूड पायाखाली करवंटी. शेजारी ओली विळी. आणि वरून, मागच्या भिंतीवरून, ती रेघ. गजूभाऊंनी बोट लांब करून करवंटीला लावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायची त्यांना घाई नव्हती. मग ते बोट रेघेवर गेलं.

"हा काय साहेब? हा पानी का?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"नाय साहेब," गजूभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, जसं एखाद्या पोराचं गणित चुकलंय ते दाखवावं. "ती बसायची तवा पानी नव्हता. चार वर्सं बसली ती तिथं. रोज बसायची. म्हनायची, साहेबांनी माजं गुडघं बघलं. पानी एकच दिवस आला. तुमी रोजच्या दिवसात पानी कशाला कारलाव?"

सर खाली बसले. पाटावर नाही, तिथेच जमिनीवर. मी त्यांना त्यापूर्वी कधी रडताना पाहिलं नव्हतं. काकू आतून आल्या आणि दारातच थांबल्या. गजूभाऊंनी सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

ते चित्र सरांनी त्या दिवशी दिलं नाही. रेघ पुसायला त्यांना स्टुलापेक्षा जास्त वेळ लागला. वरून रंग दिला की दोन दिवसांनी ती पुन्हा खालून डोकवायची. शेवटी त्यांनी चित्रातली मागची सगळी भिंत खरवडून काढली आणि नव्याने रंगवली, साधी, चुन्याच्या रंगाची, सकाळचं ऊन पडलेली. मग सर, काकू आणि मी ते घेऊन खारेपाटात गेलो. गजूभाऊंनी जागा आधीच ठरवली होती. ती बसायची तिथेच, आणि ती बसायची तेवढ्याच उंचीवर. म्हणजे अगदी खाली, जमिनीजवळ. "वर लावला तर ती हवेत बसल्यासारखी वाटंल," ते म्हणाले. सरांनी खिळा ठोकला, चित्र टांगलं, मागे सरले. आणि खिशात हात घालून ओळंबा काढला. त्यांनी तो बरोबर आणलाय हे मला माहीतच नव्हतं. चौकटीच्या कडेला दोरी सोडून ते वजन स्थिर होण्याची वाट बघत वाकून उभे राहिले. आतलं स्टूल डुलत होतं, चौकट मात्र सरळ पाहिजे होती.

हे सगळं झाल्यावर ते बरे झाले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. पेणच्या खोलीतली दोरी तशीच राहिली आणि पुढच्या प्रत्येक चित्रात रेघ येत राहिली. अमावस्येला पाय वरच असायचे. फरक इतकाच की गजूभाऊ आले की सर पुढच्या दारात जायचे, आणि दोघं मिळून चहा प्यायचे, फारसं न बोलता. गेल्या पावसाळ्याआधी सर गेले. झोपेतच. काकूंनी चित्रं जपून ठेवली आहेत. मला म्हणाल्या, "ही दोरी काढू का गं?" मी म्हटलं, राहू दे. का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही.

ओळंबा आता माझ्याकडे आहे. मी तो खिशात ठेवत नाही, माझ्या कपड्यांना खिसेच नाहीत, टेबलावर असतो. घराचा नकाशा काढायला घेतला की मी खोल्यांच्या आधी जोतं उंच धरते आणि अंगणातून वर येणारा उतार काढते. लोक विचारतात, हा कशाला? मी सांगते, स्कूटर चढवायला. त्यांना ते पटतं.

मागच्या थंडीत मी गजूभाऊंकडे गेले होते. खारं पाणी एकदा भिंतीत शिरलं की ते जात नाही. पावसाळा सरला की रंगाखालून खार फुटतो आणि पांढरी रेघ पुन्हा वर येते, दर वर्षी, त्याच उंचीवर. गजूभाऊ दर वर्षी रंग लावतात आणि दर वर्षी ती येते. चित्र बघायला मी जमिनीवर बसले. दुसरा उपाय नाही, तिथे उभं राहून काही दिसत नाही. रेघ या वर्षीही आली होती. डावीकडून भिंतीभर चालत चौकटीपर्यंत आली होती आणि चौकटीच्या पलीकडून पुन्हा सुरू होऊन कोपऱ्यापर्यंत गेली होती. मधलं स्टूल मात्र कोरडं होतं.